आर्थिक गुन्ह्यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय सहकार्य

आर्थिक गुन्ह्याचा तपास, त्यातील पैशाचा माग, आरोपीचे प्रत्यर्पण आणि मालमत्तेची जप्ती यांसाठी एका देशाच्या यंत्रणांनी दुसऱ्या देशाला केलेले साहाय्य. बनावट चलन, बँकांची फसवणूक, लाचखोरी, मनी लाँडरिंग (गुन्ह्यातील पैसा वैध असल्याचे भासवणे) व दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा हे गुन्हे प्रामुख्याने या कक्षेत येतात.

या सहकार्याचा प्रारंभ कोठून मानावा, याविषयी एकमत नाही. अनेक अभ्यासक तो संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या व्हिएन्ना करारापासून धरतात. कारण अमली पदार्थांच्या व्यापारातील पैसा दडवणे हा गुन्हा ठरवण्याचे बंधन त्याने राष्ट्रांवर घातले आणि बँकेच्या गोपनीयतेची सबब सांगून साहाय्य नाकारण्यास मनाई केली. काहींच्या मते, स्वित्झर्लंड व अमेरिका यांच्यात १९७३ मध्ये झालेला आणि १९७७ मध्ये अंमलात आलेला द्विपक्षीय करार अधिक निर्णायक होय. तथापि गुन्हा निव्वळ आर्थिक असावा आणि करार बहुपक्षीय असावा, या दोन्ही कसोट्या लावल्यास बनावट चलनाविरुद्धच्या २० एप्रिल १९२९ च्या जिनिव्हा करारालाच अग्रमान द्यावा लागतो.

त्याच्या मुळाशी असलेले प्रकरण बोलके आहे. डिसेंबर १९२५ मध्ये हेग येथे एक हजार फ्रँकची बनावट नोट वटवताना हंगेरीचा एक कर्नल पकडला गेला. या नोटा बुडापेस्टच्या सरकारी नकाशा-संस्थेत छापल्या गेल्याचे तपासात उघड झाले आणि त्या देशाचा पोलीसप्रमुखही दोषी ठरला. जेथे गुन्हा घडला तेथील पोलिसांवरच विसंबता येत नाही, हे ध्यानात आल्यावर फ्रान्सने हा प्रश्न राष्ट्रसंघापुढे नेला. पुढे झालेल्या करारानुसार परक्या चलनाची नक्कल स्वतःच्या चलनाच्या नकलेइतकीच गंभीर मानली गेली. शिवाय प्रत्येक देशाने एक केंद्रीय कार्यालय नेमावे आणि त्याने इतर देशांतील अशा कार्यालयांशी थेट पत्रव्यवहार करावा, असे ठरले. आजच्या व्यवस्थेचा सांगाडा येथेच दिसतो.

१९८९ च्या पॅरिस शिखर परिषदेत सात औद्योगिक राष्ट्रांनी वित्तीय कृती दलाची (एफएटीएफ) स्थापना केली. मनी लाँडरिंग रोखण्यासाठीच्या त्याच्या चाळीस शिफारशी १९९० मध्ये आल्या. भारत २०१० मध्ये सदस्य झाला. संशयास्पद व्यवहारांची माहिती गोळा करणाऱ्या, देशोदेशींच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागांचा एग्मॉन्ट गट ब्रुसेल्स येथे १९९५ मध्ये स्थापन झाला व भारताचा विभाग त्यात २००७ पासून आहे. या गटातून संशयास्पद व्यवहारांची माहिती वेगाने मिळते. परंतु ती देणाऱ्या विभागाच्या पूर्वसंमतीशिवाय पुढे वापरता येत नाही.

न्यायालयात टिकणारा पुरावा हवा असल्यास विनंतीपत्राचा (लेटर रोगेटरी) दीर्घ मार्ग धरावा लागतो. तपास यंत्रणेच्या अर्जावरून न्यायालय ते काढते आणि गृह मंत्रालयाच्या संमतीने ते परदेशी पोहोचते. यासाठी दंड प्रक्रिया संहितेत कलम १६६-अ हे १९९० मध्ये घालण्यात आले; आता ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ मध्ये आहे. बोफोर्स तोफांच्या खरेदीतील लाचेच्या प्रकरणी स्वित्झर्लंडला १९९० मध्ये विनंती गेली. खातेदारांची अपिले तेथे फेटाळली गेल्यानंतर बँकेच्या कागदपत्रांचा पहिला संच १९९७ मध्ये भारताच्या हाती आला. एवढ्या विलंबात पैसा अनेक खात्यांतून फिरून जाऊ शकतो, ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव होय.

जप्तीसारख्या सक्तीच्या उपायांसाठी, तसेच प्रत्यर्पणासाठी, संबंधित कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावे, अशी अट बहुधा असते. करचुकवेगिरीच्या बाबतीत ती दीर्घकाळ अडसर ठरली. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेच्या प्रकरणात लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी आरोपी नीरव मोदी याच्या भारताकडे प्रत्यर्पणाच्या बाजूने निकाल दिला.

मालमत्ता मूळ देशाला परत करणे हे तत्त्व म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी करारात प्रथम ठळकपणे आले. भारताने तो २०११ मध्ये अनुसमर्थित केला.