मिस्सेचा पेहराव: आदर आणि ऐपत

मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला, आलेल्या कुणाचे कपडे पाहून ‘याला देवाच्या घराची कदर नाही’ असं मनात येतं, तेव्हा पुष्कळदा आपण त्याचा आदर नव्हे, ऐपत जोखत असतो.

चर्च मागतं तो आदर. कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) घेताना हावभावांतून आणि वेशातून आदर, गांभीर्य व आनंद दिसावा, असं कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथाचा, परिच्छेद १३८७ सांगतो. किमतीचं नाव नाही. १९१७च्या कॅनन लॉमध्ये (चर्चच्या कायद्यात) स्त्रियांनी डोकं झाकावं, पुरुषांनी उघडं ठेवावं असा नियम होता; १९८३च्या संहितेत तो नाही. तिथलं कलम ८४८ मात्र गरिबीमुळे कुणी संस्कारांना (बाप्तिस्मा, कम्युनियन अशा पवित्र विधींना) मुकू नये याची काळजी घ्यायला सांगतं.

ओळखायचं कसं? जी उणीव भरून काढायला पैसे लागतात, ती बहुधा ऐपतीची: विटलेला सदरा, झिजलेल्या चपला, दर रविवारी तोच ड्रेस, रात्रपाळीहून थेट आलेल्याचा गणवेश. छातीवर अश्लील मजकूर असलेला टी-शर्ट किंवा पोहण्याचे कपडे ही निवडीची बाब असू शकते. तोकड्या किंवा घट्ट कपड्यांबाबत मात्र सर्वांत जास्त चुका होतात. वाढत्या मुलीचा गेल्या वर्षीचा फ्रॉक असतो, किंवा कुणी दिलेला, अंगाला न बसणारा. पुरेशा आधाराशिवाय दुसऱ्याचा नैतिक दोष मनातल्या मनात जरी खरा धरला, तरी कॅटेकिझमचा परिच्छेद २४७७ त्याला उतावळा निवाडा म्हणतो, आणि तो दोष आहे.

बायबलमधल्या, लग्नाचा पोशाख नाही म्हणून मेजवानीतून बाहेर काढलेल्या पाहुण्याचा दाखला (मत्तय २२) इथे हमखास दिला जातो. पण पोप महान ग्रेगरींनी त्या पोशाखाचा अर्थ प्रीती असा लावला. कपड्यांचा थेट प्रसंग बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात आहे: सोन्याच्या अंगठीवाल्याला मानाची जागा, मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’. याकोब दोष देतो तो जागा वाटणाऱ्यांना.

म्हणून सूचनाफलकावर ‘खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत’ एवढंच लिहावं, कारण ते जुन्या कपड्यांतही जमतं. ‘उत्तम पोशाखात यावे’ वाचून ज्याच्याकडे तो नाही तो घरीच राहतो. दारापाशी काही शाली ठेवाव्यात, मागेल त्याला द्याव्यात. बोलायचंच असेल तर मिस्सेनंतर, एकट्याला गाठून, ओळखीच्या माणसानेच बोलावं, आणि आधी विचारपूस करावी. वाचनासाठी किंवा अर्पणाच्या मिरवणुकीसाठी नेहमी सुटाबुटातलेच निवडले जात असतील, तर तो न बोलता केलेला निवाडाच आहे.

मुलांच्या पहिल्या कम्युनियनला ही गफलत सर्वांत महाग पडते. पांढऱ्या नव्या ड्रेसच्या खर्चापायी आईबाप कर्ज काढतात किंवा तारीख पुढे ढकलतात. उपाय साधा आहे: धर्मग्रामाने (स्थानिक चर्चच्या समाजाने) पांढऱ्या झग्यांचा, वेगवेगळ्या मापांचा एक संच शिवून घ्यावा आणि दरवर्षी तोच वापरावा. फक्त गरजूंना दिला तर तेवढीच मुलं वेगळी उठून दिसतात. तो सर्वांनाच द्यावा.