संघातील शिस्त आणि बेबनाव (भारतीय क्रिकेट)

राष्ट्रीय संघातले खेळाडू, कर्णधार, प्रशिक्षक, निवड समिती आणि मंडळ यांच्यात होणारे तंटे आणि त्यावर होणारी कारवाई. मैदानावरच्या गैरवर्तनासाठी १९९१ पासून आंतरराष्ट्रीय सामनाधिकारी नेमले जातात. ड्रेसिंग रूममधल्या भांडणाला असा तिऱ्हाईत नाही. तिथे निवाडा करणारा बहुतेकदा वादातलाच एक पक्ष असतो. भारतातले बरेचसे तंटे अखेरचा शब्द कोणाचा, या एकाच प्रश्नावरून झाले.

सोलापूरकरांना यातला जवळचा दाखला म्हणजे पॉली उम्रीगर. त्यांचे बालपण सोलापुरात गेले. वडिलांचा व्यवसाय कापडाचा, म्हणजे गिरण्यांच्या या गावाला साजेसाच. पॉली शाळेत असतानाच कुटुंब मुंबईला गेले. पुढे ते ५९ कसोटी खेळले, आणि कसोटीत द्विशतक काढणारे पहिले भारतीय ठरले (२२३, न्यूझीलंडविरुद्ध, हैदराबाद, १९५५). स्वभावाने बंडखोर म्हणून त्यांची ख्याती कधीच नव्हती, म्हणून तर मद्रासचा प्रसंग बोलका आहे.

१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. पहिल्या कसोटीत उम्रीगर कर्णधार होते, पुढच्या दोन कसोटींत गुलाम अहमद. गुलाम अहमद निवृत्त झाल्यावर जानेवारी १९५९ मधल्या मद्रास कसोटीसाठी धुरा पुन्हा उम्रीगरांकडे आली. विजय मांजरेकर खेळू शकत नव्हते. फलंदाजाच्या जागी फलंदाजच हवा, म्हणून उम्रीगरांनी मनोहर हर्डीकरांचे नाव पुढे केले. मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल फिरकी गोलंदाज जसू पटेलांवर अडून बसले. सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगरांनी कर्णधारपद सोडले. संघातून मात्र ते बाहेर पडले नाहीत, विनू मांकडांच्या हाताखाली खेळले. सामना भारताने २९५ धावांनी गमावला. दिल्लीच्या पाचव्या कसोटीत हेमू अधिकारी कर्णधार झाले आणि त्याच वर्षी इंग्लंडला संघ गेला तो दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली. वर्षही उलटले नव्हते आणि पाच कर्णधार झाले! जिल्ह्याच्या निवड चाचणीनंतर सोलापूरच्या पार्क मैदानाबाहेर रेंगाळणाऱ्याला यात नवल वाटायचे नाही. तिथेही यादी वाचली जाते तेव्हा कर्णधाराचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

क्रिकेटच्या दृष्टीने जसू पटेलांची निवड चुकीची होतीच असे नव्हे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कानपूरला जसूंनी ऑस्ट्रेलियाच्या एका डावात ६९ धावांत ९ बळी घेतले. वाद गुणवत्तेचा नव्हता, अधिकाराचा होता.

याआधीचे गाजलेले प्रकरण १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यातले. पॅड बांधून ताटकळत ठेवल्यामुळे लाला अमरनाथ चिडले, आणि कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार व व्यवस्थापक ब्रिटन-जोन्स यांनी त्यांना बेशिस्तीचा ठपका ठेवून पहिल्या कसोटीआधीच मायदेशी धाडले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश ब्यूमाँट यांच्या समितीने अमरनाथांना निर्दोष ठरवले. दौरा मात्र बुडाला तो बुडालाच.

शिक्षेचे माप सगळ्यांना सारखे नसते. डिसेंबर १९८४ मध्ये दिल्ली कसोटीत बेजबाबदार फटके मारून बाद झाल्याबद्दल कपिल देव आणि संदीप पाटील या दोघांनाही कलकत्ता कसोटीतून वगळले. कपिल पुढच्याच कसोटीत परतले. १३१ कसोटींच्या कारकिर्दीत त्यांची चुकलेली कसोटी तेवढी एकच. पाटील पुन्हा कधीच कसोटी खेळले नाहीत, कारण त्यांच्या जागी आलेल्या अझरुद्दीनने पदार्पणातच शतक ठोकले.

नंतरच्या काळात भांडणे कर्णधार आणि प्रशिक्षकाकडे सरकली: २००५ मध्ये गांगुली आणि चॅपेल, २०१७ मध्ये कोहली आणि कुंबळे. त्याआधी १९९६ मध्ये नवज्योत सिद्धू इंग्लंड दौरा अर्धवट टाकून परतले होते.

ऑस्ट्रेलियातल्या ३-१ पराभवानंतर जानेवारी २०२५ मध्ये मंडळाने दहा कलमी नियमावली आणली. संघासोबतच प्रवास, खासगी नोकरचाकरांवर बंधन, कुटुंबाच्या मुक्कामाला मर्यादा, देशांतर्गत सामने खेळण्याची सक्ती अशी तिची कलमे आहेत. त्यातले देशांतर्गत सामन्यांचे कलम सोडले, तर बाकीचा भर खेळापेक्षा दौऱ्यावरच्या राहणीवर आहे.