राउटरशिवाय दोन लॅपटॉप जोडताना : पिन म्हणजे पासवर्ड नव्हे

राउटर न घेता दोन लॅपटॉप वाय-फायने एकमेकांना जोडून फाइल्स उघडता येतील का, ही विचारणा आमच्याकडे सतत होते. ते शक्य आहे. विंडोज ७ मधली 'अ‍ॅड-हॉक' (म्हणजे मध्ये राउटर न ठेवता थेट लॅपटॉप ते लॅपटॉप) जोडणी नव्या विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सापडत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याऐवजी लॅपटॉपमधलाच 'मोबाइल हॉटस्पॉट' वापरावा, म्हणजे एक लॅपटॉप स्वतःचे वाय-फाय सुरू करतो आणि दुसरा त्याला जोडला जातो. त्यावर ८ उपकरणांपर्यंत जोडणी होते. हॉटस्पॉट सुरू करणाऱ्या लॅपटॉपला मात्र इंटरनेटची कोणती तरी जोडणी लागते, आणि त्यासाठी यूएसबी केबलने लावलेला मोबाइलही पुरतो. दोन लॅपटॉपमध्ये फाइल्सची नक्कल करताना मोबाइलचा डेटा खर्च होत नाही, ही शंका बहुतेकांना असते म्हणून येथेच सांगितले.

जोडणी होते, फोल्डर शेअर केलेले असते, दुसऱ्या लॅपटॉपवर ते दिसतेही. पण उघडायला गेले की नाव आणि पासवर्ड विचारला जातो, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक येथेच सुरू होतात. ग्राहक रोज लॅपटॉप उघडताना जो चार आकडी पिन देतात, तोच येथे देतात आणि तो नाकारला गेला की वाय-फाय बिघडले असे समजतात. पिन फक्त त्या एका लॅपटॉपपुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, जो वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे विसरलेला असतो. ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही, त्यालाही विंडोज नेटवर्कवरून प्रवेश देत नाही. मग कोणी फायरवॉल बंद करतो, कोणी अँटिव्हायरस काढून टाकतो, आणि आमचा अर्धा दिवस मूळ दुरुस्तीत न जाता हे सगळे पूर्ववत करण्यात जातो.

म्हणून आम्ही फोल्डर असलेल्या लॅपटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळे स्थानिक (ईमेलशी न जोडलेले, त्या लॅपटॉपपुरते) खाते उघडून देतो आणि त्याचा पासवर्ड ग्राहकांनी स्वतःच टाइप करावा असा आग्रह धरतो. हे जादा खाते कशाला, असे काही जण विचारतात. पण विंडोजचे खाते ईमेलशी जोडलेले असेल तर त्याचा पासवर्ड ईमेलच्या खात्याचाच असतो, आणि वेगळ्या खात्यामुळे तो कार्यालयातल्या चौघांना सांगावा लागत नाही. 'पासवर्ड संरक्षण बंद करा' अशी विनंती आम्ही शक्यतो मान्य करत नाही, कारण मग हॉटस्पॉटचा पासवर्ड ज्याला ठाऊक आहे त्याला फोल्डरही उघडे होते.

रोज एकाच हिशेबाच्या डेटावर दोघांनी काम करायचे असेल, तर हॉटस्पॉटवर विसंबू नये. मध्येच जोडणी तुटली तर फाइल खराब होऊ शकते. अशा कार्यालयांना आम्ही साधा राउटर आणि लॅन केबल सुचवतो, आणि दोन्ही आमच्याकडे मिळतात. जोडणीसाठी येताना दोन्ही लॅपटॉप व त्यांचे चार्जर सोबत आणावेत. एकच आणल्यास काम अर्धे राहते आणि दुसरी फेरी पडते.