मेदाम्ल निष्कर्षण

ऊती, पेशी, रक्तद्रव किंवा खाद्यपदार्थ यांच्या नमुन्यातील मेद विद्रावकात (विरघळवणाऱ्या द्रवात) उतरवून घेऊन त्यातील मेदाम्ले (मेदाचे घटक असलेली आम्ले) मोजता येतील अशा रूपात आणण्याची प्रयोगशाळेतील रीत. सजीवांत सुटी मेदाम्ले फार थोडी. बहुतेक ट्रायग्लिसराइडे (साठवणीचा मेद) व फॉस्फोलिपिडे (पेशीपटलातला मेद) यांत बांधलेली असतात. म्हणून आधी सगळा मेद काढायचा, मग त्यातून मेदाम्ले सोडवायची.

शेंगदाण्यासारख्या कोरड्या नमुन्याला नमुन्यातून विद्रावक पुन्हा पुन्हा फिरवणारे सॉक्सलेट उपकरण (१८७९) पुरते. ओल्या ऊतीत मात्र नुसते हेक्झेनसारखे विद्रावक नीट शिरत नाही आणि पेशीपटलातला मेद प्रथिनांना चिकटून असतो. मिथेनॉल ही पकड सोडवते, क्लोरोफॉर्म मेद विरघळवून घेतो. १९५७ मध्ये फोल्च व सहकाऱ्यांनी हे दोन्ही २:१ प्रमाणात, ऊतीच्या वीसपट वापरले.

कॅनडात गोठवलेल्या माशांतील मेद कसा बिघडतो हे तपासताना ब्लाय आणि डायर या संशोधकांनी १९५९ मध्ये विद्रावकाचा हा खर्च बराच कमी केला. त्यांनी नमुन्यातले पाणीच हिशेबात धरले. १०० ग्रॅम कॉड माशात सुमारे ८० मिलि. पाणी, त्यात १०० मिलि. क्लोरोफॉर्म व २०० मिलि. मिथेनॉल घातले की सगळे एकजीव होते. मग क्लोरोफॉर्म आणि पाणी आणखी १००-१०० मिलि. घातले की थर फुटतात: वर मिथेनॉल-पाणी, खाली मेद घेऊन बसलेला जड क्लोरोफॉर्म, मध्ये प्रथिनांची पांढरी चकती. खालचा थर काचेच्या पिपेटनेच उचलावा, कारण प्लॅस्टिकमधली द्रव्ये क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात आणि पामिटिक आम्ल या मेदाम्लाचा आकडा उगाच फुगतो. गोठवून वाळवलेली भुकटी घेणारे नवखे वजा झालेले पाणी परत घालायला विसरतात. तिथेच प्रमाण बिघडते. मेद २ टक्क्यांहून जास्त असेल तर या पद्धतीत तो कमी भरतो, तेव्हा फोल्चकडे वळणे बरे.

क्लोरोफॉर्म नायट्रोजनच्या झोताखाली उडवतात. हवेत ठेवल्यास बहुअसंतृप्त मेदाम्ले ऑक्सिडीभूत होतात, म्हणून विद्रावकात चिमूटभर बीएचटी (ऑक्सिडीभवन रोखणारे द्रव्य) टाकण्याची पद्धत आहे. उरलेला मेद आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये तापवला की मेदाम्लांची मेथिल एस्टरे बनतात. ती हेक्झेनमध्ये घेऊन वायुवर्णलेखनाने (गॅस क्रोमॅटोग्राफीने) मोजतात. वाटेतली तूट भरून काढण्यासाठी नमुन्यात सहसा नसलेले १७ कार्बनांचे मेदाम्ल मोजून अगदी सुरुवातीलाच मिसळतात. गाईम्हशींच्या दुधात मात्र ते मुळातच थोड्या प्रमाणात असते. तिथे १९ कार्बनांचे घ्यावे.