सात खाचांची नळी आणि शिशाची गोळी

रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना, हे दोनदा बघायचं. मग नळीत तेलाचा एक थेंब सोडायचा, शुद्ध मऊ शिशाचा एक तुकडा तोंडाशी धरायचा आणि लाकडी दांड्याने हलक्या हाताने ठोकत ठोकत तो पलीकडून बाहेर काढायचा. हातात येतो तो शिशाचा तुकडा म्हणजे नळीचा आतला ठसा असतो. नळीत पिळाने कोरलेल्या खाचा जिथे असतात, तिथे शिशावर उंचवटे आलेले दिसतात. हे उंचवटे मायक्रोमीटरने, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या उपकरणाने, मोजले की नळी आतून खरोखर किती रुंद आहे ते कळतं.

पण हा ठसा वेब्ली मार्क ६ या जुन्या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरचा असेल तर मोजणारा इथेच अडतो. या नळीत सात खाचा आहेत. सात हा विषम आकडा, त्यामुळे एका उंचवट्याच्या बरोबर समोर दुसरा उंचवटा येत नाही, खोलगट भाग येतो. साध्या मायक्रोमीटरचे दोन जबडे समोरासमोर धरून जे माप मिळतं ते खऱ्यापेक्षा कमी भरतं. त्यासाठी व्ही आकाराचा, सात खाचांच्या कोनाला जुळणारा मायक्रोमीटर लागतो. जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरचा नेम सुधारण्याची सगळी गोष्ट या मोजमापापासून सुरू होते, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त इथेच संपते.

वेब्ली मार्क ६ ब्रिटिश सैन्याने १९१५ साली स्वीकारलं. सहा इंचाची नळी, सहा घरांचं सिलिंडर, मधून मोडून उघडणारी बांधणी. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिशांबरोबर हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांच्याही कमरेला होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने काढून टाकलेली ही रिव्हॉल्व्हरं मोठ्या संख्येने अमेरिकेत विकली गेली. आज तिथले हौशी नेमबाज त्यांच्यासाठी स्वतः शिसं वितळवून गोळ्या ओततात आणि काडतुसं भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे. पण त्यामागचं भौतिकशास्त्र आणि धातूशास्त्र समजून घ्यायला परवाना लागत नाही, आणि ते फार सुंदर आहे.

तक्रार नेहमीची असते. पंचवीस मीटरवर गोळ्या ताटाएवढ्या जागेत विखुरतात. कधी कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडतं, म्हणजे गोळी आडवी होऊन आदळलेली असते. दोष दिला जातो तो शंभर वर्षांच्या, झिजलेल्या नळीला. नळी मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असते.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. काडतूस सिलिंडरच्या घरात असतं. घराच्या पुढच्या टोकाला गळा असतो. गोळी आधी या गळ्यातून जाते, मग एक बारीक फट ओलांडते आणि नंतर नळीत शिरते. गळा नळीपेक्षा केसभर रुंद असला तर सगळं सुरळीत. अनेक वेब्लींमध्ये नेमकं उलट आहे: गळा नळीपेक्षा कित्येक थाऊ अरुंद. वर्कशॉपमध्ये ज्याला आपण थाऊ म्हणतो तो इंचाचा हजारावा भाग, एका केसाच्या जाडीहूनही कमी. पण इथे तेवढ्यानेच घात होतो. गळ्यातून जाताना गोळी चेपून बारीक होते आणि पुढे रुंद नळीत ती सैल पडते. मागून आलेला तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, जाता जाता तिचं शिसं खरवडतो आणि ते नळीच्या भिंतीला डाग दिल्यासारखं चिकटवतो. खाचांची पकड बसत नाही, पीळ नीट मिळत नाही, गोळी हवेत डुलते.

मग सैन्यात हे चालत कसं होतं? गोळीच्या बुडाला मुद्दाम पोकळी ठेवलेली होती. ०.४५५ इंच व्यासाच्या काडतुसाची गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे सतरा ग्रॅमची. पोकळ बुडामुळे तिच्या मागच्या कडा घागऱ्यासारख्या. दारू पेटली की वायूचा दाब त्या कडा आतून फुलवतो. गळ्यात चेपलेली गोळी नळीत येताच पुन्हा फुगून खाचांना घट्ट भिडते. गोळी इथे बाटलीच्या बुचाचं काम करते, आणि ते बूच स्वतःला मापात बसवून घेतं.

ही युक्ती रिव्हॉल्व्हरहून जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या देशात येतो. कॅप्टन जॉन नॉर्टन हा ब्रिटिश अधिकारी दक्षिण भारतात असताना त्याने तिथल्या लोकांच्या फुंकनळ्या पाहिल्या, असं सांगितलं जातं. बाणाच्या बुडाला कमळाच्या देठाचा मऊ गर लावलेला असे. फुंकर मारली की तो फुगून नळी बंद करी. नॉर्टनने त्यावरून पोकळ बुडाची गोळी सुचवली. ब्रिटिशांनी तेव्हा ती घेतली नाही. पुढे १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद मिनिए यांच्या गोळीने हेच तत्त्व जगभर नेलं, आणि १८५३ ची एनफिल्ड रायफल त्याच वाटेवरची. १८५७ ची चरबी लावलेली काडतुसं आपल्याला शाळेपासून माहीत असतात. चरबी लागत कशाला होती, हे मात्र कुणी सांगत नाही. काळी दारू जळून नळीत कडक काजळी धरते, दर गोळी झाडल्यावर नळी आणखी आवळते. चरबी-मेण ती काजळी मऊ ठेवतं आणि गोळी सरकायला मदत करतं. आजही ओतीव गोळीच्या खाचेत मधमाशांचं मेण आणि तेल यांचं मिश्रण भरतात.

आजच्या हौशी लोकांची चूक इथे होते. गोळी जितकी कडक तितकी चांगली, असं त्यांना वाटतं. धातूचा कडकपणा ब्रिनेल या मापात मोजतात. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता पाचच्या आसपास असते. छापखान्यातल्या लायनोटाइपच्या धातूत साधारण बारा टक्के अँटिमनी हा ठिसूळ धातू आणि चार टक्के कथील असतं, त्याची कठीणता बावीसपर्यंत जाते. छपाईला हा धातू उत्तम, कारण अक्षराची कड दाबाखाली मोडता कामा नये. पण वेब्लीचा दाब मुळातच कमी. त्या दाबाला कडक धातूच्या कडा बधत नाहीत आणि फुलणं राहून जातं. म्हणून वीस भाग शिसं आणि एक भाग कथील असं मऊ मिश्रण अनेक जण पसंत करतात. कथील थोडंच, पण ते हवंच. कल्हई करताना कथील तांब्यावर कसं पसरतं ते ज्याने पाहिलंय त्याला कारण सांगायला नको. वितळलेल्या शिशाला ते साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचवतं.

दुसरा उपाय म्हणजे सिलिंडरचे गळेच रीमरने, म्हणजे भोक रुंद करायच्या हत्याराने, मोठे करणं. तो चालतो, पण मला तो मान्य नाही. शंभर वर्षं जशीच्या तशी राहिलेली वस्तू एकदा कोरली की परत येत नाही. साचा बदलता येतो. पोकळ बुडाच्या साच्यात मधोमध एक खुंटी असते. ती पुरेशी तापली नाही तर बुडाला सुरकुत्या पडतात, आणि दर गोळीला ती काढावी लागते. काम संथ आहे. करावं.

बुडाबद्दल एवढा आग्रह का? डॉ. फ्रँकलिन मान या अमेरिकन माणसाने अनेक वर्षांचे प्रयोग करून १९०९ साली ते प्रसिद्ध केले. गोळ्यांची टोकं मुद्दाम बिघडवून त्यांनी नेम पाहिला, मग बुडं बिघडवून पाहिला. टोक बिघडल्याने फारसं अडलं नाही. बूड एका बाजूने बिघडलं की गोळी भरकटली. नळीतून बाहेर पडताना तिला शेवटचा स्पर्श बुडाचा असतो. तिथली कड एका बाजूला तुटकी असेल तर वायू आधी तिथूनच सुटतो आणि गोळीला कलता धक्का देतो.

आतला दोष तर दिसतही नाही. ओतताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यामुळे गोळीचा गुरुत्वमध्य आसापासून समजा ०.०५ मिलिमीटर सरकला. वेब्लीची नळी वीस इंचांत एक फेरा देते. गोळी सेकंदाला १८० मीटर वेगाने निघाली तर ती सेकंदाला साडेतीनशे फेरे घेते. नळीत असताना तिचा गुरुत्वमध्य वर्तुळात फिरत असतो. बाहेर पडताच तो स्पर्शरेषेत सुटतो, गोफणीतल्या दगडासारखा, सेकंदाला सुमारे ११ सेंटिमीटर वेगाने आडवा. पंचवीस मीटर जाईपर्यंत गोळी दीड सेंटिमीटर बाजूला गेलेली असते. कुठल्या बाजूला, ते त्या बुडबुड्यावर. म्हणून प्रत्येक गोळी तोलून हलक्या गोळ्या परत कढईत टाकायच्या.

दारूचं प्रमाण मी इथे सांगणार नाही. ते अधिकृत पुस्तिकांतूनच घ्यावं. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. थोडी दारू मोठ्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कोषात, पडली की रिकामी जागा उरते, आणि दारू पुढे आहे की मागे यावर वेग बदलतो. काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आल्यावर ब्रिटिशांनी १८९७ मध्ये पुंगळीच सुमारे अडीच मिलिमीटरने आखूड केली, ती त्यामुळेच. हीच रिकामी जागा धोक्याचीही आहे, कारण चुकून दुप्पट दारू पडली तरी ती पुंगळीत मावते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायचं. अमेरिकेत अनेक वेब्लींचं सिलिंडर मागून घासून त्यात ०.४५ एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस बसेल असं केलं गेलं. त्या काडतुसाचा मान्य दाब २१,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचावर पौंड) जातो आणि वेब्ली त्यासाठी बनलेलंच नव्हतं. काडतूस बसलं म्हणजे चालतं, या समजुतीने कित्येक चांगली सिलिंडरं तडकली. शिसं वितळवताना वारा हवा, आणि हात धुतल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.

इतकं सगळं जमलं तरी सहा घरं म्हणजे सहा वेगळे गळे. म्हणून घरांना क्रमांक देऊन प्रत्येक घराच्या गोळ्या वेगळ्या कागदावर झाडायच्या. बहुतेक कागदांवर भोकं एकमेकांना चिकटून पडतात. एखाद्या घराचा कागद मात्र वेगळा दिसतो, त्याची भोकं दरवेळी त्याच बाजूला सरकलेली. तो गळा मोजला की अनेकदा एक थाऊ अरुंद निघतो, किंवा ते घर नळीशी सरळ रेषेत येत नसतं. जाणते लोक मग स्पर्धेच्या दिवशी ते घर रिकामं ठेवतात आणि पाचच भरतात.