शेवटच्या एका सेंटिमीटरचा प्रश्न

इअरबडच्या खोक्यावर आकड्यांची दाटी असते. २४ बिट (प्रत्येक मोजणीची बारकाई), ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला ९६ हजार मोजण्या), ९९० केबीपीएस (सेकंदाला पाठवलेली माहिती, किलोबिटमध्ये). यातला कुठलाही आकडा सहसा खोटा नसतो. पण आवाज आकड्यांत नीट साठवायच्या ज्या अडचणीवरचा हा उतारा आहे ती अडचण सुटून चाळीसेक वर्षं झाली, आणि इअरबड कानात नीट बसण्याची जी अडचण अजून रोज छळते तिच्याबद्दल खोक्यावर एक अक्षर नसतं.

आधी सुटलेलं गणित बघू. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८२ साली सीडी बाजारात आणली, तेव्हा आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा करायची असं ठरलं होतं. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची (म्हणजे सेकंदाला तितकी) कंपनं ऐकू येतात आणि वय वाढेल तशी वरची हद्द खाली घसरते. एखादं कंपन पकडायचं तर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून चाळीस हजारांच्या थोडं वर. (नेमके ४४,१००च का, तर त्या काळी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत आणि टेपच्या रेघांच्या हिशेबात हाच आकडा बसत होता.) दोन मोजण्यांच्या मधला आवाज हरवतो, म्हणून जास्त वेळा मोजलं तर संगीत जास्त 'गुळगुळीत' होतं, अशी समजूत फार पसरली आहे. ती चूक आहे. मोजणीच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतची लहर त्या बिंदूंवरून जशीच्या तशी परत उभी करता येते, अंदाजपंचे नव्हे. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली हे गणिताने मांडलं आहे.

बिटचंही तेच. १६ बिटमध्ये सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. मग २४ बिटवाल्या 'हाय-रेझ' (सीडीपेक्षा जास्त बारकाईने नोंदवलेल्या) संगीतात फरक कळतो का? २००७ साली मेयर आणि मोरन या दोन संशोधकांनी हाय-रेझ ध्वनिमुद्रणं लोकांना ऐकवली. तोच आवाज मधूनमधून सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवला आणि कुठला कोणता हे ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून आली असती तेवढीच. पुढे २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास निघालं. फरक अगदीच शून्य नाही म्हणायला हरकत नाही, पण त्यासाठी फोनमधली जागा अडवावी असा तो नाही.

सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट खातो. एमपी३ आणि एएसी हे प्रकार त्यातला बराच भाग फेकून देतात, आणि काय फेकायचं ते कानाकडे बघून ठरवतात. एका पट्टीत जोरदार आवाज चालू असला की त्याच्या आजूबाजूचे मंद आवाज कानाला कळतच नाहीत. मग ते नीट साठवायचे कशाला? जुन्या १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये झांजा आणि टाळ्या पाण्यात बुडाल्यासारख्या ऐकू यायच्या, तेवढी तक्रार खरी. २५६ केबीपीएसच्या एएसीत डोळे बांधून फरक ओळखणं बहुतेकांना जमत नाही.

ब्लूटूथवर हाच आवाज आणखी एकदा दाबला जातो. प्रत्येक उपकरणात असलाच पाहिजे असा कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) म्हणजे एसबीसी. तो साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत जातो. सोनीचा एलडॅक ३३०, ६६० आणि ९९० अशा तीन पायऱ्यांवर चालतो, आणि रेडिओलहरींची गर्दी झाली की मुकाट खालच्या पायरीवर येतो. आयफोनला एलडॅक येतच नाही. तिथे एलडॅकवाले महागडे इअरबड लावले तरी गाणं एएसीतूनच जाणार.

ब्लूटूथची एक खोड मात्र कोणालाही लगेच कळते. गाणं छान चालू असतं, व्हिडिओ कॉल किंवा खेळ सुरू होतो आणि सगळा आवाज एकदम डबड्यातून आल्यासारखा होतो. इअरबड बिघडलेले नसतात. त्यांचा मायक्रोफोन लागला की ब्लूटूथ संगीताची वाट सोडून संभाषणाच्या वाटेवर जातं. तिथे दोन कानांना वेगवेगळा आवाज मिळत नाही, आणि बहुतेक उपकरणांत ८,००० हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही. मायक्रोफोन फोनचाच वापरायचा अशी सेटिंग केली की इअरबडमधला आवाज जागेवर येतो.

आता न सुटलेला प्रश्न. इअरबडच्या टोकापासून कानाच्या पडद्यापर्यंत जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हवा असते, आणि सगळा दर्जा तिथे ठरतो. ५० हर्ट्झच्या लहरीची हवेतली लांबी जवळजवळ सात मीटर. ती कानाच्या नळीत मावणार कशी? ती मावत नाहीच. नळी बंद असेल तर इअरबडचा इवलासा पडदा आतली हवा दाबतो आणि सोडतो, आणि हा दाब थेट कानाच्या पडद्यावर पोहोचतो. म्हणून दहा मिलिमीटरच्या पडद्यातून डग्ग्याची घुमक पुरेपूर मिळते. पण सिलिकॉनची टिप आणि कानाची भिंत यांच्यात केसाएवढी फट राहिली, की सावकाश बदलणाऱ्या दाबाला तिथून निसटायला भरपूर वेळ मिळतो. भरभर बदलणारा दाब निसटायच्या आत दिशा बदलतो. परिणामी खालचे सूर आधी जातात, तेही दहा डेसिबलहून जास्त पडू शकतात. वरचे तसेच राहतात आणि आवाज किरटा लागतो.

तपासणं सोपं आहे. बेस भरपूर असलेलं काहीतरी लावावं आणि दोन्ही इअरबड बोटांनी हलके आत दाबावेत. बेस एकदम फुगला, तर टिप बसलेली नव्हती. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या असतातच असं नाही, त्यामुळे डावीकडे मोठी आणि उजवीकडे मधली टिप लागली तर त्यात काही वावगं नाही. खोक्यातल्या जादा टिपा न उघडता ठेवून देणारे आणि कोडेकवर तावातावाने बोलणारे लोक बऱ्याचदा एकच असतात! आणखी एक बिनमहत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे जाळीत साचलेला कानातला मळ. एका बाजूचा आवाज हळूहळू बसत चालला असेल, तर दोष बहुधा तिथे सापडतो.

मग फोनच्या उघड्या स्पीकरमधून खर्ज ऐकू येतो तो कसा? तिथे तर काहीच बंद नाही. कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढाच आवाज काढायला पडद्याला चौपट हलावं लागतं, आणि फोनमध्ये हलायला जागा मिलिमीटरभरही नसते. पुरुषी तंबोऱ्यातली खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास कंप पावते. फोनच्या स्पीकरमधून ७० हर्ट्झ जवळपास निघतच नाही, तरी खर्ज ओळखू येतो. याचं कारण कानामागच्या मेंदूत आहे. तारेतून ७० बरोबर १४०, २१०, २८०, ३५० असे उपस्वरही निघत असतात. त्यातले वरचे ऐकू आले की मेंदू त्यांच्यातलं समान अंतर हेरतो आणि मूळ सूर स्वतःच भरून काढतो. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट झेबेक यांनी १८४१ साली सायरनवर प्रयोग करून हा मुद्दा मांडला, आणि विजेच्या रोधामुळे आपल्याला माहीत असलेले गेऑर्ग ओम यांनी मूळ कंपन कानापर्यंत पोहोचल्याशिवाय तो सूर ऐकू येणार नाही असं म्हणत त्यांच्याशी वाद घातला. पुढचा कितीतरी काळ लोकांना ओम यांचंच म्हणणं पटत राहिलं. जुन्या टेलिफोनमधून ३०० हर्ट्झच्या खालचं काही जात नव्हतं, तरी पलीकडच्या पुरुषाचा शंभर-सव्वाशे हर्ट्झचा घोगरा आवाज घोगराच वाटायचा, तो याच करामतीमुळे. अर्थात मेंदू सूर भरून देतो, छातीत जाणवणारा धक्का नाही.

कानाची नळी आणखी एक गंमत करते. ती अडीचेक सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला बंद असल्यामुळे मोकळ्या कानात ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप चढून येतात. जन्मापासून आपण जग असंच ऐकतो. इअरबड घातला की नळीचं तोंड बंद होतं आणि हा चढ नाहीसा होतो. तो इअरबडलाच मुद्दाम घालून द्यावा लागतो. म्हणजे सगळे सूर अगदी सारख्या जोराने देणारा इअरबड कानाला निस्तेज लागतो. चढ किती द्यायचा, बेस किती ठेवायचा, यावर शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरमन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं काम केलं. श्रोत्यांना न सांगता वेगवेगळे आवाज ऐकवून त्यांची पसंती नोंदवली, आणि बहुतेकांची आवड बरीचशी सारखी निघाली. या जुळणीचा किमतीशी संबंध असेल असं वाटतं, पण २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनची मोजमापं तपासली तेव्हा सुरांची जुळणी आणि किंमत यांत काही नातं सापडलं नाही. बऱ्याच फोनमध्ये इक्वलायझर (सुरांच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायची सोय) फुकट असतो. एखादी पट्टी चढवण्याआधी बाकीच्या उतरवून बघाव्यात, म्हणजे आवाज फाटत नाही.

तुलना करताना एक पथ्य पाळावंच लागतं. दोन इअरबडांपैकी एक डेसिबलभर मोठा वाजत असेल, तर तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. त्यात फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवल्याप्रमाणे मंद आवाजात खालचे सूर कानाला आणखीच कमी लागतात. आवाज सारखा करून घेतल्याशिवाय दिलेल्या मताला मी फारशी किंमत देत नाही.

राहिला भोवतालचा गोंगाट. ७५ डेसिबलच्या गलक्यात ९६ डेसिबलच्या आवाक्यातला मोठा हिस्सा ऐकूच येत नाही. तिथे २४ बिटची चर्चा व्यर्थ आहे. नॉइज कॅन्सलिंग (उलट लहर सोडून बाहेरचा आवाज मिटवायची सोय) मुख्यतः हजार हर्ट्झच्या खालची घरघर कापतं, त्यावरचा आवाज टिपच अडवते. म्हणजे पुन्हा फटीचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढाने ८० डेसिबल आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐकावं, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला चारच तास उरतात. फटीतून बेस गळतो म्हणून आवाज वाढवला, तर बेस येतो थोडाच, पण वरचे सूर पुरते चढतात आणि मुदत त्यांच्या हिशेबाने संपत जाते.