सातूचे खत व्यवस्थापन

सातूच्या (जवाच्या) पिकाला त्याच्या भुकेइतके आणि भूक लागेल तेव्हाच खत देण्याची पद्धत. स्वयंपाकघरातले सातूचे पीठ बहुधा गहू-डाळव्याचे असते, ते वेगळे.

नाशिकच्या रब्बीत गहू, हरभरा, उन्हाळ कांदा यांच्यापुढे सातू किरकोळ. त्यामुळे त्याला सर्रास गव्हाचाच डोस पडतो. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) अशी आहे. सातूला ६०:३०:२० पुरते. एक टन दाणे पेंढ्यासह तयार व्हायला साधारण २० ते २५ किलो नत्र लागते. हेक्टरी पंचवीस क्विंटलच्या पिकाला १२० किलो दिले, तर उरलेले पाल्याच्या वाढीत जाते: पाने काळपट हिरवी, खोड लुसलुशीत, मावा (रस शोषणारी कीड), आणि ओंबी भरली की पीक लोळते. माल्टसाठी (मोड आणून वाळवलेल्या धान्यासाठी) सातू असेल तर नुकसान दुहेरी. दाण्यात प्रथिने ९ ते ११ टक्के हवीत. जादा नत्राने ती वाढतात आणि माल नाकारला जातो.

६०:३०:२० चा एकरी हिशेब: स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट ७५ किलो, पालाशासाठी पोटॅश १३ किलो, नत्रासाठी युरिया ५२ किलो. सुपरऐवजी २६ किलो डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घेतल्यास त्यातच पावणेपाच किलो नत्र येते, म्हणून युरिया ४२ किलोवर आणावा. ही वजाबाकी हमखास राहून जाते. शिवाय सुपरमधले गंधक डीएपीत नाही.

सुपर, पोटॅश आणि निम्मा युरिया पेरणीवेळी. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधले जाते, म्हणून ते फोकू (रानभर वरून पसरू) नये. दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळे सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) बियाण्याच्या खाली पेरावे. उरलेला युरिया ३० ते ३५ दिवसांनी, फुटव्यांच्या वेळी पहिल्या पाण्याबरोबर. ओल्या जमिनीवर तसाच पडून राहिला तर अमोनिया होऊन उडतो. पोटरीनंतरचा (ओंबी पानाच्या आवरणात फुगते त्या अवस्थेनंतरचा) युरिया फुटवे वाढवत नाही, प्रथिने मात्र वाढवतो.

हे आकडे मध्यम सुपीक जमिनीचे. माती परीक्षणात उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी आले तर नत्र पाव हिश्शाने वाढवावे, ५६० च्या वर असेल तर तेवढेच घटवावे. टोमॅटो किंवा कांद्याच्या खतावलेल्या रानात परीक्षणाशिवाय डोस ठरवूच नये. मातीचा नमुना पिकाच्या काढणीनंतर, नवे खत टाकण्याआधी, १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरून दहा-बारा ठिकाणांहून घ्यावा. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा वगळून.